खाजणातला उतार

भाद्रपदात खाडीचा बांध फुटला आणि नवघरच्या शेतांत खारं पाणी शिरलं. पोटरीला आलेलं भात उभ्या उभ्या करपलं. पाणी ओसरल्यावर गावानं बांध पुन्हा घातला आणि महिपत शेतात उतरला. वाकून चिमूटभर माती त्यानं जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"आता दोन-तीन पावसाले काय व्हायचा न्हाय," घरी येऊन तो म्हणाला.

त्याची आई गोदूबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"मंग?"

"मंग काय? हात हायत ना."

त्याच हिवाळ्यात गाव आणि खाडी यांच्यामधल्या दलदलीच्या खाजणात भरावाचं काम निघालं. मुंबईच्या कुणा कंपनीनं ती जागा घेतली होती; तिथं कारखान्यांचे गाळे व्हायचे होते. जागा इतकी खोल की पावसाळ्यात तिथं कमरेएवढं पाणी. ती भरून वर आणायची आणि सारखी करायची, असा ठेका गोवर्धनशेठला मिळाला. शेठ बोरिवलीचा. त्याला गावातली माणसं हवी होती, आणि महिपतचा हात जमिनीवर चांगला चालतो हे गावात कुणीही सांगितलं असतं. भाताच्या खाचरात चिखल करून फळी फिरवली की त्याच्या शेतातलं पाणी ताटातल्यासारखं बसायचं. शेठनं त्याला मुकादम केलं. महिपतची बायको सुगंधा, धाकटा भाऊ लवू आणि गावातली आणखी माणसं कामाला लागली.

घोडबंदरच्या बाजूनं डोंगरातला मुरूम ट्रकांतून यायचा. ट्रक मागं उचलला की लाल धूळ उठायची आणि वाऱ्याबरोबर पलीकडच्या मिठागरांत जायची. पांढऱ्या मिठाच्या राशी दुपारपर्यंत गुलाबी दिसायला लागायच्या आणि मिठागरवाले शिव्या देत यायचे. पुरुष टिकावानं ढेकळं फोडायचे, फावड्यानं घमेली भरायचे. बाया डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली वाहायच्या. मागून लवू धुम्मस घेऊन ठोकत यायचा. लाकडी दांड्याचा तो लोखंडी ठोकळा उचलताना त्याच्या पोटऱ्या थरथरायच्या. सुगंधाच्या मानेची शीर संध्याकाळी अशी आखडायची की भाकरी थापताना तिला मान वळवता येत नसे. सासूकडं बघायचं तर ती सगळी वळायची.

"खालचा चिखल काढायचा का, शेठ?" महिपतनं सुरुवातीलाच विचारलं होतं. गावाकडच्या टोकाला खाजणातला काळा चिखल मांडीएवढा होता.

"अरे, उस में टाइम कायकू घालवतो? वरून टाक ना मुरूम! दबून जाएगा अपने आप."

महिपतनं मुरूम टाकला. चैत्र संपत आला तेव्हा खाजणाचं मैदान झालं होतं. संध्याकाळी गावातली माणसं त्यावर फिरायला येऊ लागली. महिपत भरावाच्या कडेला उकिडवा बसायचा, एक डोळा मिटून जमिनीवरून नजर टाकायचा आणि खाडीकडं हात करून म्हणायचा, "खारीकडं उतार हाय. बगा, कसा पडलाय."

सगळ्यांना तसाच दिसायचा.

मग एका सकाळी कंपनीचा इंजिनियर आला. पोरसवदा, अलिबागकडचा, उन्हानं नाक सोललेलं. त्यानं तिवईवर पितळी दुर्बीण बसवली. लवूच्या हातात आकड्यांची उंच पट्टी दिली आणि त्याला मैदानभर इकडं उभा राहा, तिकडं उभा राहा, असं फिरवलं. दुपारपर्यंत तो दुर्बिणीला डोळा लावत होता आणि निळ्या नकाशावर पेन्सिलीनं काही मांडत होता. शेवटी तो उठला आणि गोवर्धनशेठला म्हणाला, "हे मी पास करणार नाही."

"क्यों साहेब? एकदम टेबल जैसा तो आहे!"

"टेबलासारखं नकोच आहे. करारात काय लिहिलंय? गावाकडची बाजू सगळ्यांत उंच. तिथून खाडीकडं सारखा उतार. गावाचं पाणी जायला कडेनं चर, आणि चराचं तोंड बांधातल्या उघाडीपाशी. खालचा चिखल काढून, वीतभर थर टाकून, पाणी मारून ठोकायचं. इथं उलटं झालंय. गावाकडचं टोक खचलंय. मैदानावरचं सगळं पाणी गावात जाईल."

शेठ लाल झाला. त्यानं वळून महिपतकडं बघितलं. सगळी माणसं घमेली खाली ठेवून उभी होती.

"हा महिपत! बोलत होता, नजर आहे माझी, नजर आहे! अरे, बैल पण सीधा चालतो तुझ्यापेक्षा."

महिपत हळूच म्हणाला, "साहेब, मी सारी हयात जमीन सारकी केली हाय. यो उतार खारीकडंच हाय. तुमची काच चुकली असंल."

इंजिनियर नम्रपणे म्हणाला, "काच चुकली नाही हो."

शेठनं हातातला रुमाल झटकला. "चल, बाजूला हो. उद्यापासून दुसरा मुकादम."

महिपतनं फावडं खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांच्या देखत मैदान ओलांडून तो घरी गेला. वाटेत कुणाकडं बघितलं नाही. त्यानं स्वतः ठोकून बसवलेल्या मुरुमावर त्याची पावलंसुद्धा उमटत नव्हती.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी उठला नाही. सुगंधानं भाकरी बांधली आणि लवूबरोबर कामावर निघाली.

"तू कशाला जातंस?" तो आतून ओरडला. "त्याच्या बापाचा काम हाय?"

"घर माजा हाय ना त्या टोकाला," ती म्हणाली. "गावात पानी येल बोलला तो. खरा का खोटा, ता तरी बगून येतंय."

इंजिनियर आधीच येऊन दुर्बीण लावत होता. सुगंधा त्याच्यापासून जरा लांब उभी राहिली. पदर तोंडाशी धरला.

"काय बाई?"

"साहेब, मना बगू दे त्यातना."

त्यानं तिच्याकडं बघितलं, हसला नाही. लवूला पट्टी घेऊन समोर उभं केलं, भिंग फिरवलं आणि बाजूला झाला. "हात लावू नका. एक डोळा मिटा."

सुगंधानं डोळा लावला आणि झटकन मागं सरली. छाती धडधडत होती. पुन्हा लावला.

आत लवू डोकं खाली, पाय वर असा लटकत होता. त्याच्या पायांच्या वर लाल जमीन होती आणि डोक्याखाली आभाळ, खोल, निळं, तळ नसलेलं. एक बगळा त्या आभाळातून पाठीवर पोहत गेला. लवूनं हातातली पट्टी धरली होती, तिच्यावरचे आकडेही उलटे, पण इतके जवळ की तिला वाटलं हात पुढं केला तर लागतील. आणि या सगळ्याच्या मधून केसासारखी बारीक एक काळी रेघ गेली होती. लवू हलला, पट्टी हलली, पदर वाऱ्यानं हलला. ती रेघ हलली नाही.

"आगं माय," ती पुटपुटली. "समदा जग उफराटा."

"भिंगामुळं उलटं दिसतं," इंजिनियर म्हणाला. "पण खोटं दिसत नाही. ती मधली रेघ बघा. पाणी स्थिर उभं राहिलं ना, की त्याचं तोंड जसं असतं, तशी ती रेघ आहे. इथून त्या डोंगरापर्यंत तशीच जाते."

सुगंधा डोळा लावून राहिली. एवढ्या वर्षांत तिनं पाणी वाहून आणलं होतं, शेतात बांधलं होतं, पावसाळ्यात घरातून उपसलं होतं. पण हवेतून, रिकामीच, पाण्यावाचून पाण्याची रेघ गेलेली तिनं कधी बघितली नव्हती.

"माज्या माणसाला दावा," ती म्हणाली.

"त्यांना हे पटणार नाही. आपण त्यांना पाणीच दाखवू."

त्याच्या पेटीत लांब रबरी नळी होती, दोन्ही टोकांना काचेच्या नळकांड्या. त्यानं ती पाण्यानं भरून दिली. सुगंधा नळी खांद्यावर घेऊन घरी गेली, महिपतच्या अंथरुणाशी उभी राहिली आणि म्हणाली, "उठा. तुमी काचेला खोटा बोललात ना? हे पानी हाय. पान्याला तरी खोटा बोलू नका."

महिपतनं नळीकडं बघितलं. मग उठला.

त्यानं एक टोक मैदानाच्या मधोमध स्वतः धरलं. दुसरं टोक सुगंधा गावाकडच्या कडेला घेऊन गेली. काचेतलं पाणी वर चढलं, खाली गेलं, पुन्हा चढलं, श्वास घेतल्यासारखं. मग थांबलं. महिपतच्या बाजूला ते त्याच्या गुडघ्याशी उभं राहिलं. लवू धावत सुगंधाकडं गेला आणि तिथून ओरडला, "दादा, हिकडं कमरेला हाय! वयनीच्या कमरेला!"

"नीट बग!"

"नीटच बगतंय! कमरेला!"

महिपतनं अंगठा काचेवर ठेवला. पाणी एकच होतं. ते त्याच्या गुडघ्याशी होतं आणि तिकडं बायकोच्या कमरेशी होतं. म्हणजे तिच्या पायाखालची जमीन खाली होती. तिच्यामागं धर्माजीकाकाचं घर होतं, आणि त्याला लागून महिपतचं स्वतःचं. ओट्यावर आई बसली होती.

तो तिथंच खाली बसला. खाचरात पाणी असतं, पाणीच माणसाला उंच-सखल दाखवतं. कोरड्या मुरुमावर ते दाखवायला कुणी नव्हतं, आणि मागचा डोंगर डोळ्यांना फसवत होता. हे त्याला आता कळलं, पण तो एवढंच म्हणाला, "मी गाव बुडवला असता."

इंजिनियर जवळ आला, मागोमाग शेठ. महिपतनं वर बघितलं. "साहेब, परत करतो. पर मुकादम म्हनून न्हाय. हातानं करतो."

"मुकादम तुम्हीच," इंजिनियर म्हणाला. शेठ काही बोलायला गेला, तेव्हा इंजिनियरनं नकाशाची घडी घातली आणि म्हटलं, "नाहीतर पास कोण करणार, शेठ?"

मग गावाकडचं टोक पुन्हा खणायला सुरुवात झाली. ठोकून बसवलेला मुरूम टिकावाला दाद देत नव्हता, ठिणग्या उडायच्या. त्याखाली काळा चिखल, तेलासारखा, सडक्या अंड्याच्या वासाचा. पायांची बोटं त्यात गेली की शिंपल्यांनी कापायची. बायांनी साड्या गुडघ्यावर खोचून चिखलाची घमेली वाहिली. चिखल मुरुमापेक्षा जड, आणि डोक्यावरून गळून डोळ्यांत यायचा. लवूच्या तळहातांची कातडी निघाली. त्यानं चिंध्या बांधल्या. उन्हं अशी की दुपारी फावड्याचं पातं हाताला चटका द्यायचं. गावातले काही जण निघून गेले. "एकदा केलेला काम परत कोन करतो?" म्हणाले. महिपतनं कुणाला अडवलं नाही.

एके ठिकाणी चिखलाच्या तळाशी शिंपल्यांचा आख्खा थर लागला, पांढरा, चमकता. महिपतनं मूठभर उचलून ओंजळीत धरला. त्याच्या आज्याच्या आज्याच्याही आधी इथं दर्या होता आणि त्यानं काय टाकलं ते कुणी हलवलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला, मग हळूच ते शिंपले एका बाजूला ठेवले.

वीतभर थर, वर पाणी, वर धुम्मस. पुन्हा थर. इंजिनियरनं लाल डोक्याच्या खुंट्या मारून दिल्या होत्या. खुंटीच्या डोक्याबरोबर मुरूम आला की थांबायचं. महिपत दर दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायचा आणि जमिनीला गाल लावून बघायचा. आता तो "दिसतंय" असं म्हणत नसे. "नळी लाव," म्हणायचा.

चर खणला, त्याचं तोंड बांधातल्या उघाडीपर्यंत नेलं. उघाडी म्हणजे बांधात बसवलेली लाकडी झापड. भरती आली की दर्या बाहेरून तिला ढकलून बंद करतो, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला उघडून बाहेर जातं. इंजिनियर परत आला, दुर्बीण लावली, मैदानभर लवूला फिरवलं आणि शेवटी नकाशावर सही केली. शेठनं सगळ्यांसाठी भजी मागवली. इंजिनियर स्टेशनकडं चालत गेला.

पाऊस सुरू झाला, ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. मैदानावर बारीक गवत उगवलं. पावसाचं थोडंफार पाणी चरातून जात होतं, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

श्रावणात पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना. पहाटेपासून कोसळत होता आणि त्याच दिवशी उधाणाची भरती होती. दिवस वर आला तेव्हा डोंगराकडचं पाणी गावातून धावत येऊन चरात पडत होतं, आणि उघाडी दर्यानं बंद केली होती. चर भरला. भरून काठाशी आला. मग पाणी काठावरून गावाकडं पसरायला लागलं.

धर्माजीकाकाचं घर सगळ्यांत खाली. साठीचा माणूस, भरल्या छातीचा, मोठ्या आवाजाचा. पाणी त्याच्या अंगणात आलं, तुळशीच्या कट्ट्याला लागलं, ओट्याच्या पायरीवर चढलं. त्यानं फावडं उचललं आणि हाका मारून गाव गोळा केलं.

"बगा! यो भराव घातला म्हनून पानी अडला! जुन्या खाजनात पसरला असता! फोडा! मधून फोडा यो भराव!"

माणसं फावडी, टिकाव घेऊन भरावाच्या कडेला आली. महिपत आधीच तिथं उभा होता, डोक्यावर पोतं, कमरेपर्यंत भिजलेला. मागं लवू आणि सुगंधा.

"काका, थांब."

"काय थांब? माजा घर बुडला!"

"माजा पन तितंच हाय. आय ओट्यावर हाय. काका, आता खारीत भरती हाय. पानी जायाचा कुठं? फोडला तरी ता तितंच र्‍हानार. वरून या मैदानावरचा पानी तुज्या घरात येल. भरती उतरू दे."

"आनि उतरल्यावर न्हाय गेला तर?"

महिपतनं त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि भरावाच्या काठाला रोवलं.

"तर पयला घाव मी घालीन. तुज्या फावड्यानं."

माणसांनी टिकाव खाली टेकवले. इतक्यात चराच्या काठाकाठानं एक माणूस येताना दिसला, छत्री मोडलेली, विजार मांडीपर्यंत चिखलानं माखलेली. इंजिनियर होता. स्टेशनवरून चालत आला होता. माणसांनी त्याला घेरलं.

"साहेब, बोला! पानी जानार का?"

"कागदावर जातं," तो म्हणाला. "आजपर्यंत मी सही करून निघून जायचो. असं उधाणात उभं राहून मी कधी बघितलेलं नाही. म्हणून आलो."

धर्माजी काहीतरी बोलायला गेला, पण महिपत मध्येच म्हणाला, "मी बगितलाय. नळीत."

मग ते सगळे तिथं उभे राहिले. पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं. गोदूबाई ओट्यावरून हलली नाही. पाय वर घेऊन बसली. सुगंधा एकदा तिच्याकडं, एकदा खाडीकडं बघत होती. खाडीतल्या तिवराच्या झाडांची फक्त टोकं दिसत होती.

मैदानावर सगळीकडं पाणी साचलं होतं. ते हलत नव्हतं. पावसाच्या थेंबांनी त्याच्यावर काटे उठत होते.

सगळ्यांत आधी लवूला दिसलं. तिवरांच्या खोडावर ओल्या चिखलाची एक काळी कड उघडी पडली होती.

"दादा, उतरला!"

काही झालं नाही. मग बांधाकडून एक घोगरा आवाज आला, लाकूड लाकडावर घासल्यासारखा. उघाडी हलली. चरातलं पाणी आधी थबकलं, मग त्याच्या मधोमध एक सुरकुती पडली आणि ती उघाडीकडं ओढली जाऊ लागली.

आणि मग मैदान निघालं.

दुसरं काही म्हणता येत नाही. गावापासून खाडीपर्यंतचं सगळं पाणी एकदम, एकाच दिशेला सरकायला लागलं. कुठं खळगा नाही, कुठं आडवं नाही, कुठं मागं वळणं नाही. गवताच्या काड्या, फेस, एक तुटलेली चप्पल, सगळं त्याच्याबरोबर, सावकाश, खाडीकडं. आवाज फार नव्हता. हजारो माणसं अनवाणी चालत गेली तर येईल तसा एक पसरलेला सळसळाट होता. माणसांनी पायाखाली बघितलं. ते उभे होते ती जमीन स्थिर होती आणि तरी सगळ्यांना वाटलं की आपण चालतोय.

सुगंधानं नकळत हात जोडले. कुणाला, ते तिला सांगता आलं नसतं. इंजिनियरनं चष्मा काढला, ओल्या सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला. त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखा भाव होता. महिपतनं आपल्याच हातांनी टाकलेली जमीन होती ती, थर न् थर, आणि त्याला वाटलं की ही आपली नाहीच. आपण फक्त हात दिले होते.

धर्माजीच्या घराची दुसरी पायरी उघडी पडली. मग पहिली. मग तुळशीचा कट्टा.

धर्माजीनं रोवलेलं फावडं उपटलं. क्षणभर सगळे त्याच्याकडं बघत राहिले. तो चराच्या काठानं बांधाकडं निघाला. चराच्या तोंडाशी गवत आणि काटक्या येऊन अडकायला लागल्या होत्या. तो छातीएवढ्या पाण्यात उतरला आणि फावड्यानं ते गवत ओढून ओढून बाजूला काढू लागला.

"ए महिपत," तो तिथून ओरडला, "उभा काय र्‍हायलास? ये की हिकडं! वाट मोकली ठेवाया पायजे!"

महिपत पाण्यात उतरला. पोटऱ्यांना ओढ लागली. त्यानं ती लागू दिली आणि तिच्यामागं चालत गेला.